पाणी मारलेलं फोपसं

आमच्या धाड गावच्या बाजारात चारचौघांसमोर मी ज्या माणसाला लबाड म्हटलं, तो लबाड नव्हता. फोपशाला पाणी मारायला मीच सांगितलं होतं. त्या दिवशी मला ते आठवत नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. बाजारात आठवत नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत आठवलं होतं. त्यानंतरची सगळी वर्षं मी आठवत असूनही गप्प राहिलो.

फोपसं म्हणजे फुप्फुस. आमच्याकडे बकऱ्याच्या फुप्फुसाला असंच म्हणतात. मला ते खायला नको होतं, अभ्यासाला हवं होतं. तेव्हा मी जिल्ह्याच्या गावी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. नवं राज्य होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. जागोजागी कॉलेजं निघत होती. धाडच्या बाजारात भाजी विकणाऱ्याचा मुलगा प्राध्यापक झाला, याचं माझ्यासकट सगळ्यांनाच नवल वाटत होतं.

माझा विषय ऐकून लोक हसायचे. माणसाला न कापता, चुंबकाच्या मदतीने त्याच्या फुप्फुसाच्या आतलं पाहता येईल का, याची पहिली पायरी मला बांधायची होती. परदेशात कुणीतरी चुंबकात ठेवलेल्या पाण्याच्या दोन नळ्यांचं चित्र काढल्याचं मी एका जुन्या अंकात पाहिलं होतं. दोन धुरकट ठिपके, एवढंच होतं ते. पण ते पान मी इतक्या वेळा उघडलं की अंक आपोआप तिथेच उघडायला लागला. मला त्या ठिपक्यांच्या जागी श्वास घेणारी छाती दिसायची.

काम सांगायला सोपं आहे. पाण्याच्या कणाकणात हायड्रोजनची केंद्रकं असतात आणि ती भोवऱ्यासारखी फिरत असतात. मोठ्या चुंबकात पाणी ठेवलं की हे भोवरे एका दिशेला मान करतात. रेडिओलहरीचा हलका धक्का दिला की कलंडतात आणि मग आपापल्या चालीने पुन्हा सरळ होतात. सरळ होताना फार बारीक आवाजात काहीतरी सांगतात. ते ऐकायचं आणि सरळ व्हायला किती वेळ लागला ते मोजायचं. मोकळ्या पाण्याला हा वेळ जास्त लागतो, मांसात अडकलेल्या पाण्याला कमी. हृदय, यकृत यांच्यात पाणी भरपूर, म्हणून ती मोठ्याने बोलतात. फुप्फुसात सगळी हवा. ते नुसतं कुजबुजतं. ती कुजबूज ऐकायला मी बसलो होतो.

विद्यापीठातून मोडीत निघालेला एक चुंबक मार्गदर्शकांनी मला ट्रकमधून पाठवला होता. कॉलेजच्या मागच्या खोलीत तो बसवला. खोलीच्या पलीकडे पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की भोवऱ्यांचा आवाज दाखवणारी, यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ थरथरायला लागायची. म्हणून मोजमाप पहाटे उजाडताना, गिरणी सुरू व्हायच्या आत उरकावं लागे.

त्या पहाटा अजून माझ्या अंगावर आहेत. थंडीत घाटातून धुकं वर चढायचं आणि गाव त्यात विरून जायचं. खिडकीतलं कडुनिंबाचं झाड दिसायचं नाही, पण त्याच्या पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. मी काचेच्या नळीत फोपशाचा तुकडा घालून नळी चुंबकात सोडायचो आणि वाट बघायचो. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ उठायची, वाकायची, निजायची. बाहेर धुकं, आत ही रेघ. फुप्फुसाच्या आत शिरता आलं तर असंच असेल, असं वाटायचं. कुठे काही दिसत नाही, सगळीकडे मऊ पांढुरकं, आणि त्यात कुठेतरी थेंब. कधीकधी मी माझाच श्वास धरून बसायचो. मग खोलीत कुणीच नाही असं वाटायचं, मीही नाही.

फोपसं मात्र आणावं लागे. जिल्ह्याच्या गावात खाटकाकडे जाऊन मागायची मला लाज वाटे, विद्यार्थी बघतील म्हणून. धाडच्या बाजारात माझ्या वडिलांच्या भाजीच्या जागेपासून दहा पावलांवर एक खाटीक बसायचा. वडिलांचा जुना दोस्त. बाजाराच्या दिवशी वडिलांनी मला त्याच्यासमोर नेऊन उभं केलं.

"भाऊ, हा माहा पोरगा. कालेजात सर हाये. याले फोपसं पायजे."

"खाले?"

"खाले नाही, मोजाले."

त्याने हातातला सुरा थांबवला. "फोपशात मोजाचं काय? हवाच त हाये."

"तेच त मोजाचं हाये, काका," मी म्हणालो.

"हवा?"

"पाणी. हवेच्या मधातलं पाणी."

तो वडिलांकडे वळला. "लय शिकलं की असं होते का हो?"

सगळे हसले, मीही हसलो. मग त्याने श्वासनळीसकट फोपसं बाजूला काढलं, नळी ओठाला लावली आणि फुंकलं. कोमेजलेलं ते मांस हळूहळू उमलत गेलं, गुलाबी, हलकं, पहाटेच्या ढगासारखं. त्याने नळी दोरीने बांधली आणि ते माझ्या हातावर ठेवलं. इतकं मोठं, आणि वजन काहीच नाही. जनावर मेलेलं होतं, तरी त्याचा श्वास मी हातात धरून उभा होतो असं मला वाटलं. खाटीककाकांना ते कळलं असावं. ते म्हणाले, "अलगद न्या सर. लेकरावानी."

त्यांनी फोपशाचे पैसे कधी घेतले नाहीत. तराजूत तर ते कधी घातलंच नाही.

अडचण एकच होती. ते सकाळी काढून ठेवत, मी वर्ग आटोपून दुपारच्या एस.टी.ने येई आणि मोजमाप दुसऱ्या पहाटे. तोवर फोपसं सुकून कातड्यासारखं व्हायचं. म्हणून एक दिवस मी त्यांना म्हणालो, "काका, सुकू देऊ नका. पाणी मारत राहा."

"पाणी?"

"हो. पाणी मारत राहा मी येईपर्यंत."

ते थोडे थांबले. "आमच्यात पाणी मारत नाही, सर."

"अहो, मेथीला मारतात तसं मारायचं. सुकलं तर माझं काम वाया जातं."

त्यांनी मान हलवली. "बरं. शायन्स तुमचं हाये. तुमी म्हन्ता त मारतो."

इथे माझी चूक झाली, आणि ती भाजीवाल्याच्या पोरालाच होऊ शकते. आमच्या घरात पाणी मारणं म्हणजे माया. वडील दिवसभर मेथीवर, कोथिंबिरीवर ओल्या हाताने शिंतोडे उडवत बसायचे. पाणी मारलं नाही तर जुडी दुपारीच मान टाकते. खाटकाच्या धंद्यात तेच दोन शब्द शिवीसारखे आहेत. मटणात पाणी भरून ते जड करणाऱ्याला पाणी मारणारा म्हणतात. मी त्याच बाजारात लहानाचा मोठा झालो होतो. मला हे ठाऊक असायला हवं होतं. निदान ते थांबले तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझं डोकं धुक्यात होतं.

मला फोपशावर झाकलेल्या फडक्यावर नुसते शिंतोडे हवे होते. काकांनी मात्र मी सांगितलेलं काम मनापासून केलं. आतून सुकू नये म्हणून नळीतून तांब्याने पाणी ओतायचे, निथळू द्यायचे, पुन्हा ओतायचे, मग फुंकायचे. मला देताना त्यातून पाणी गळत असे. ताज्या फोपशाचं असंच असेल असं मी धरून चाललो. एस.टी.त माझ्या मांडीवरच्या अॅल्युमिनियमच्या डब्यातून खाली ओघळ जाई. कंडक्टर विचारायचा, "सर, डब्यात काय हाये?"

"अभ्यास."

"अभ्यास गळून राह्यला तुमचा."

पडद्यावरची रेघ त्या वर्षी निजायलाच तयार होईना. भोवरे सरळ व्हायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जास्त वेळ घेत होते. आठवड्यामागून आठवडे तेच. मला वाटलं, मला काहीतरी सापडलं आहे. फुप्फुसातलं पाणी इतर मांसातल्या पाण्यासारखं नसतं, ते मोकळं असतं, तळ्यासारखं असतं, असं काहीबाही मी लिहायला लागलो. वर्गात शिकवतानाही डोळ्यांपुढे तेच तळं. लोणारचं विवर बघायला लहानपणी एकदा मला नेलं होतं, काठावरून फार खाली तळं दिसलं होतं. तसा एक खोलगट प्रदेश माणसाच्या छातीत आहे, आणि त्याच्या काठावर पहिल्यांदा मी उभा आहे, असं मला वाटायचं. बसमध्ये, पंक्तीत, कुठेही. वर्षभर मी त्या तळ्यावर राहिलो.

विद्यापीठात मार्गदर्शकांनी माझे आलेख पाहिले तेव्हा त्यांच्या खोलीत आणखी चार संशोधक होते. मार्गदर्शक हळू बोलणारे गृहस्थ होते. चष्मा काढून म्हणाले, "हे फुप्फुसाचं नाही. हे बादलीचं आहे."

चौघं हसले.

"नमुने कुठून आणता?"

"बाजारातून. खाटीक देतो."

"मग त्याला विचारा, त्यात पाणी किती घालतो. वर्ष गेलं तुमचं."

परतीच्या प्रवासात माझं तळं आटलं. त्या जागी राग आला, कारण कुणावर तरी रागावणं सोपं होतं. पुढच्या बाजाराला मी घरीही गेलो नाही, बसमधून उतरून सरळ काकांच्या पुढे उभा राहिलो. गिऱ्हाईक होतं, सात-आठ माणसं. बाजूला माणसं बैल बघत उभी होती. मी मोठ्याने बोललो. वर्गात बोलायची सवय होती, आवाज लांब गेला.

"तुम्ही फोपशात पाणी मारता का?"

त्यांनी वर पाहिलं. "हाव, सर."

"वजन वाढवायला पाणी मारता! लबाडी करता! माझं वर्ष घालवलं तुम्ही!"

वजन हा शब्द माझ्या तोंडी कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. बहुधा लबाडीला काहीतरी कारण लागतं, म्हणून आला. जे फोपसं कधी तोललंच नाही, त्याचं वजन मी बाजाराच्या कानावर घातलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग दहा पावलांवर माझ्या वडिलांकडे. वडील मान खाली घालून मेथीच्या जुड्या सारख्या करत होते. काका एवढंच म्हणाले, "पाणी मारलं, सर. मारलं, हाव."

गिऱ्हाइकांतला एक जण म्हणाला, "म्हन्जे कबूल हाये."

दुसऱ्याने आपली पिशवी उलटी करून बघितली. तिसरा हसत म्हणाला, "तरीच! म्या म्हनो, मटन येवढं पानीदार काऊन लागते!"

मी पाठ फिरवली. मागे हसणं चालूच होतं.

उन्हं उतरल्यावर वडिलांनी रिकाम्या टोपल्या उचलल्या आणि आम्ही शेताच्या वाटेने घराकडे निघालो. वडील पुढे चालता चालता, मागे न बघता म्हणाले, "तूच त सांगलं होतं त्याले. मेथीले मारतेत तसं मार मनून. म्या आइकलं होतं."

माझे पाय थांबले. ते शब्द मला जसेच्या तसे ऐकू आले, माझ्याच आवाजात.

"मग ते बोलले काऊन नाही?" मी विचारलं.

"काय बोलन तो? चार लोकाइत सराले खोटं पाडन का? दोस्ताचा पोरगा हायेस त्याच्या." थोडं चालून ते म्हणाले, "मी बी नाही बोललो. मी बी तसाच."

मी म्हणालो, पुढच्या बाजाराला जाऊन सांगेन. पुढच्या बाजाराला मला काम निघालं. त्याच्या पुढच्या बाजाराला परीक्षा होत्या. मग मी खामगावकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून, पिंपळगाव राजाहून, फोपसं आणायला लागलो आणि धाडच्या बाजाराला जाणंच सोडलं. त्या फोपशांचा वेळ अगदी बरोबर यायचा, कमी, नेमका. पडद्यावरची रेघ चटकन निजायची. प्रबंध पूर्ण झाला. त्यात पहिल्या वर्षीचे आकडे का टाकून दिले, याचं कारण एका वाक्यात द्यायचं होतं. मी लिहिलं, "पुरवठादाराने केलेल्या पाण्याच्या भेसळीमुळे." तो कागद यंत्रावर टंकून झाल्यावर मी वाचला, शुद्धलेखन तपासलं, आणि पुढच्या पानाकडे गेलो. आवाज चढवून बोललेलं रागात गेलं म्हणता येईल. हे वाक्य मी थंड डोक्याने लिहिलं होतं.

काकांचं नाव बाजारात पानीवाला पडलं. आधी थट्टेत, मग नुसतंच. दोन वर्षांत गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, असं वडिलांनी एकदा सांगितलं. वडील स्वतः शेवटपर्यंत त्यांच्याकडूनच मटण घेत राहिले आणि मी घरी असलो की आईला मोठ्याने सांगत, "धुऊ नको, सोच्छ हाये." मला ऐकू जावं म्हणून सांगत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. वडील वारले तेव्हा काका आले होते. मी दारात त्यांच्या पाया पडलो. गर्दीत तेवढंच पुरेसं आहे, असं मी स्वतःला समजावलं.

मधल्या वर्षांत आमचा विषय कुठल्या कुठे गेला. मोठ्या शहरांत अख्खा माणूस आत जाईल असे चुंबक आले. एका परिषदेत मी माणसाच्या छातीचं तसलं चित्र पहिल्यांदा भिंतीवर मोठं करून पाहिलं. पाठीचा कणा उजळलेला, हृदय उजळलेलं, आणि दोन्ही बाजूंना फुप्फुसांच्या जागी काळोख, दोन विहिरींसारखा. हवेत ऐकू येण्याजोगं काही नव्हतं. सभागृहात दिवे मालवलेले होते. मी त्या काळ्या विहिरींत वाकून बघत राहिलो. व्याख्यान संपलं, लोक उठले, तरी मी बसून होतो. मला धुकं दिसत होतं, आणि धुक्यात कुणीतरी ओठाला नळी लावून फुंकत होतं.

तरीही मी गेलो नाही. गेलो तो एस.टी.तल्या एका बोलण्यामुळे. गेल्या हिवाळ्यात मी धाडवरून पुढे चाललो होतो. पुढच्या बाकावर दोन तरुण होते.

"मटन कुठून आनलं बे?"

"पानीवाल्याकून."

"पानीवाले काऊन म्हन्तेत रे त्याइले?"

"काय मालूम. आडनावच हाये न त्याइचं."

आडनावच. मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि उगाच रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. माझे दोन शब्द एका घराच्या दारावर चढले होते आणि ज्यांना माझं नावही ठाऊक नाही, अशी पोरं ते साध्या मनाने उच्चारत होती.

कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या प्रबंधाची एक प्रत आहे. ती काढून मी ते वाक्य शाईने खोडलं आणि समासात लिहिलं, "पाणी संशोधकाच्या सांगण्यावरून घातले होते." ग्रंथपाल म्हणाले, "सर, पुस्तकात लिहू नये." मी म्हणालो, "दंड लावा."

पुढच्या बाजाराला धाडला गेलो. दुकान आता मुलगा चालवतो. काका बाजूला पोत्यावर उन्हात बसले होते, डोक्याला रुमाल, डोळे मिटलेले. मी जवळ बसलो. त्यांनी ओळखलं.

"सर? लय दिसाचे आले. फोपसं पायजे का?"

"नाही काका. बोलाचं होतं." मी हळू आवाजात सुरुवात केली. त्या वर्षी माझीच चूक झाली होती, असं काहीतरी.

त्यांनी हात कानामागे नेला. "जोरानं बोला. मले कमी आइकू येते."

मी थोडा आवाज चढवला. मुलाने सुरा थांबवला.

"आनखी जोरानं," काका म्हणाले. डोळे आता पूर्ण उघडे होते. "तवा त लय खनखनीत बोलले होते तुमी."

त्यांना खरंच कमी ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी उठून उभा राहिलो. गिऱ्हाईक होतं, पाच-सहा माणसं. पलीकडे भाजीवाल्या बाया होत्या. आवाज निघाला, आणि आपल्या घरातल्या बोलीत निघाला.

"काका, तुमी कधी पाणी मारत नव्हते. म्या माराले लावलं. तुमी नाही म्हनत होते, तरी म्या लावलं. वजन तुमी कधी केलंच नव्हतं, ते म्या खोटं बोललो. मले त्याच दिवशी समजलं होतं, तरी मी आलो नाही. पुस्तकातबी खोटं लिवलं. तुमचं नाव म्या खराब केलं. लबाड मी होतो, काका. मले माफी द्या."